फिर्याद लिहिता आली पाहिजे

बारा वर्षे सत्र न्यायालयात वकिली केली. गेल्या वर्षी ती थांबवली आणि विधी महाविद्यालयात कायदेविषयक लेखन शिकवू लागलो. "चळवळीला कोर्टात माणसे कमी पडत असताना तुम्ही मास्तर झालात," असे कार्यकर्ते सुनावतात. त्यांना उत्तर देणे भाग आहे.

ॲट्रॉसिटीचा खटला माझ्याकडे येई तेव्हा तो बराचसा आधीच ठरलेला असे, ठाण्यात घाईघाईने लिहिलेल्या फिर्यादीत. "जातीवाचक शिवीगाळ केली" एवढेच वाक्य. शब्द कोणते, घटना घरात घडली की रस्त्यावर, कोणी ऐकले, आरोपी अनुसूचित जाती-जमातीचा नाही हा उल्लेख, यातले काहीच नाही. कलम ३(१)(एस) साठी तर शिवीगाळ लोकांच्या नजरेसमोरच्या ठिकाणी झालेली असावी लागते. पीडिताने सगळे सांगितलेले असे, पण कागदावर आलेले नसे. साक्षीत तो तेच सांगू लागला की बचावाचा वकील म्हणे, "हे मागाहून जोडले." आरोपी सुटे आणि गावभर बोभाटा होई की केसच खोटी होती.

उलटतपासणी कितीही चांगली येत असली तरी फिर्यादीतले हे भोक वकिलाला बुजवता येत नाही. ते पहिल्याच दिवशी बुजवावे लागते.

म्हणून माझ्या वर्गात आधी एक पान लिहायचे: कोण, कधी, कुठे, नेमके शब्द, ऐकणारे कोण. शिवी जशीच्या तशी लिहायची. तिथे मुलींचे पेन अडते, मुलांचेही अडते. आपल्या आजीने ऐकलेला शब्द आपल्या अक्षरात उतरवणे सोपे नाही. पण न्यायाधीशाला तोच शब्द वाचायला मिळाला पाहिजे.

बाबासाहेबांनी वकिली करत असतानाच १९२८ साली मुंबईच्या गव्हर्नमेंट लॉ कॉलेजात शिकवायला सुरुवात केली आणि १९३५ साली ते तिथे प्राचार्य झाले. त्यांच्या आयुष्यात कोर्ट आणि वर्ग शेजारी शेजारी होते. मग शिकवणे म्हणजे माघार कशी?

वकील लागतीलच. पण प्रत्येक वस्तीत फिर्याद लिहू शकणारे दोघे-तिघे आधी लागतील. तोंडी फिर्याद सही घेण्यापूर्वी वाचून दाखवणे बंधनकारक आहे. अनुसूचित जाती-जमातीबाहेरच्या अधिकाऱ्याने ते जाणूनबुजून टाळले, तर कलम ४ प्रमाणे सहा महिने ते एक वर्ष कैद आहे. तेव्हा वाचून दाखवल्याशिवाय सही करू नका, कोणाला करू देऊ नका.

जयभीम!