गॅल्व्हस्टनचे वठलेले ओक

टेक्सासच्या गॅल्व्हस्टन बेटावर १३ सप्टेंबर २००८ रोजी ‘आइक’ चक्रीवादळ आदळले. समुद्राचे खारे पाणी मुळांत मुरले आणि १९००च्या प्रलयानंतर लावलेले ओक उभ्याउभ्याच वठले. हजारो वृक्ष तोडावे लागले. काही रहिवाशांनी मात्र अंगणातले खोड राखले आणि शिल्पकारांना पाचारण केले. त्यांनी साल सोलून यांत्रिक करवतीने ढोबळ आकार काढला, लहान हत्यारांनी बारकावे कोरले आणि वर संरक्षक लेप दिला.

ईस्ट एंडच्या गल्ल्यांत आज बगळे, डॉल्फिन, देवदूत दिसतात. घरे खासगी असल्याने ते कुंपणाबाहेरूनच पाहावेत. या कलेसाठी एकही जिवंत वृक्ष पडला नाही. मुळे जमिनीतच असल्याने ओल चढते, लाकूड कुजते. म्हणून लेप वरचेवर द्यावा लागतो. जपणूक थांबली, की शिल्पही मातीला मिळणार.