रजेची वही

आमच्या घरात हिशेबाची वही आली ती 2023 च्या जूनमध्ये, बाळ येण्याच्या तीन आठवडे आधी. त्याआधी आमचा हिशेब तोंडीच होता. शाळेचा पगार बँकेत जमा व्हायचा, दुकानाचा गल्ला रात्री पलंगावर ओतला जायचा आणि महिना कसा निघून गेला ते कळायचं नाही. हिंगणघाटात आमचं मोटर वाइंडिंगचं छोटं दुकान आहे. आमच्यापैकी एक उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते, दुसरा हे दुकान बघतो. घरात बोलताना दोघांच्याही तोंडी 'हम' येतं, म्हणून इथे लिहिलंय तेही दोघांच्या वतीने.

वही दोनशे पानी घेतली. एकीला उर्दूत उजवीकडून लिहायची सवय. दुसऱ्याची सारी शाळा मराठीतून झालेली, त्याला उर्दू वाचता येत नाही. वाद नको म्हणून एकीने वही मागून उघडली, दुसऱ्याने पुढून. आकडे दोन्हीकडे सारखेच, त्यामुळे बेरजेला अडचण आली नाही.

लेकीचा जन्म जुलैत सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात झाला. या रुग्णालयाची एक जुनी गोष्ट आमच्या जिल्ह्यात अनेकांना माहीत आहे. आसपासच्या खेड्यांत त्यांनी आरोग्य विम्याची योजना चालवली होती, आणि तिची वर्गणी लोक ज्वारीच्या रूपात देत. सुगी झाली की धान्य द्यायचं, पुढे आजारपणात उपचार मिळायचे. शेतकऱ्याच्या हातात पैसा कधी असतो आणि कधी नसतो, हे ज्याला कळलं त्यालाच असं सुचणार. त्या पावसाळ्यात ही गोष्ट आम्हाला वारंवार आठवली, कारण आमच्या दुकानाचंही तसंच आहे. उन्हाळ्यात कूलरचं काम, रब्बीत विहिरीवरच्या मोटारी. पावसाळ्यात पंप बंद, म्हणजे दुकानही बंद असल्यासारखंच. वर गिऱ्हाईक शेतकरी, त्याची उधारी कापूस विकल्यावर चुकती होणार. तांब्याची तार मात्र आम्हाला रोखीनेच आणावी लागते.

पण चिंता नव्हती. राज्य सरकारच्या नियमांनुसार सरकारी नोकरीतल्या बाईला 180 दिवसांची भरपगारी प्रसूती रजा मिळते. केंद्राच्या 1961 च्या कायद्यातही 2017 मध्ये दुरुस्ती होऊन पहिल्या दोन बाळंतपणांसाठी 12 आठवड्यांचे 26 आठवडे झाले. आमचा रजेचा अर्ज वेळेवर गेला होता. पुढे कुठल्या टेबलावर तो कोणत्या कागदासाठी थांबला, ते सांगत बसत नाही. एका दाखल्यावरची तारीख जुळत नव्हती, एवढंच कळलं. कागद परत आला, पुन्हा गेला. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, तिन्ही महिन्यांचा पगार अडकला. 'मिळेल, बुडणार नाही,' असं सगळेच सांगत. बुडणार नाही हे आम्हालाही ठाऊक होतं. पण दूधवाल्याला ते सांगून चालत नाही.

वही खरी उघडली ती तेव्हा. घराच्या कर्जाचा हप्ता 14,200, किराणा आणि दूध 9,000, अब्बांची औषधं 1,800, वीज 1,400, भिशी 2,000. समोर दुकानाचे कसेबसे 7,000. एका रात्री लेक झोपल्यावर दोन्ही बाजूंची बेरीज करायला बसलो, तर जमेना. मागच्या बाजूला 3,000 ची एक ओळ होती, उर्दूत. पुढच्या बाजूला 'तार' म्हणून 1,500, आणि त्या महिन्यात तार तर आणलीच नव्हती.

"ये क्या लिखा है?"

"पहले तुम बताओ, तार कहाँ है?"

उर्दूतली ओळ होती 'अम्मी'. आर्वीला अम्मी एकटीच राहते. नोकरीच्या पहिल्या तीन वर्षांत, शिक्षण सेवक म्हणून महिन्याला 8,000 मिळत तेव्हापासून, तिला काही ना काही जात होतं. 'तार' म्हणजे पुलगावच्या आपाच्या मुलाची फी. दोन्ही रकमा आम्ही लग्नापासून एकमेकांना सांगितल्या नव्हत्या. दोन लिप्यांचा एवढा फायदा आम्ही करून घेतला होता!

खरं तर लपवायचं काहीच नव्हतं. बायकोची कमाई बायकोची, घर चालवणं नवऱ्याच्या जिम्मे, हे आम्ही दोघंही लहानपणापासून ऐकत आलो. बाळाला दोन वर्षं दूध पाजण्याचा उल्लेख कुरआनात जिथे येतो, तिथेच आईच्या अन्नवस्त्राची जबाबदारी बापावर टाकली आहे. बोचलं ते नेमकं हेच. पगार थांबला तेव्हा कळलं, की आमचं घर कोणाच्या कमाईवर उभं होतं. त्या रात्री एकाला झोप आली नाही, आणि दुसरीला ती का येत नाही हे माहीत असूनही काही बोलता आलं नाही.

सकाळी दोघांनी मिळून यादी केली. दर महिन्याला 24,400 ची तूट होती. आपाच्या मुलाची फी त्यात धरली नाही, ती पुढच्या सत्रात देऊ असं दुकानदाराने स्वतःच कळवलं. साठवलेले 31,000 होते. सोनं गहाण ठेवायचा विषय निघाला, पण व्याजामुळे मन होईना. घराचं कर्ज व्याजाचंच आहे, तेव्हा यात मोठेपणा सांगण्यासारखं काही नाही. आणखी एक व्याज नको, इतकंच. आमच्या भिशीत 12 जणी. आमचा नंबर नोव्हेंबरचा होता. शेजारच्या खालांचा ऑगस्टचा. त्यांनी 24,000 आम्हाला उचलू दिले आणि वर म्हणाल्या, "पैसे से ज्यादा नींद की जरूरत है तुमको, बच्ची को घंटाभर इधर छोड़ो." भावाने 15,000 कर्जे हसना दिले. ते त्याच्यासमोर तारखेसह लिहिले. तो हसला. कुरआनातली सर्वांत लांब आयत उधारी लिहून ठेवण्याबद्दल आहे, हे त्याला सांगितलं, तेव्हा मुकाट्याने सही केली.

अकीका पुढे ढकलला. मुलीसाठी एकच बकरा, तरी तोही जमत नव्हता. नातेवाइकांनी टोमणे मारले, ते वहीत लिहिले नाहीत.

आमची एक मैत्रीण विनाअनुदानित शाळेत शिकवते. तिचं बाळंतपण आमच्या आधी झालं होतं. रजा मिळेल, पगार नाही, असं तिला सांगितलं गेलं. ती पंचेचाळिसाव्या दिवशी वर्गात उभी राहिली. तिचा विचार आला की आमची तक्रार लहान व्हायची. आमचा पगार उशिरा येणार होता, तिचा येणारच नव्हता. कायदा एकच आणि बाळंतिणी दोन प्रकारच्या.

अम्मीला फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "दो महीने मत भेजो, मेरा क्या, अकेली जान." आम्हाला हायसं वाटलं. 6,000 वाचले.

ऑक्टोबरमध्ये थकलेला पगार एकदम आला. भावाचे पैसे दिले. खालांच्या हातात नोव्हेंबरची भिशी द्यायचं ठरलं. आपाच्या मुलाची फी भरली, या वेळी 'फी' असंच लिहून. मग लेकीला घेऊन आर्वीला गेलो. अम्मीच्या गुडघ्याच्या गोळ्यांचं पाकीट खिडकीत होतं. ऑगस्टमध्ये आणलेलं, तरी अजून संपलं नव्हतं. विचारलं तेव्हा म्हणाली, एक दिवसाआड घेत होते, काही फरक पडत नाही. उठताना तिने भिंतीचा आधार घेतला.

तीन महिन्यांची बेरीज आम्ही दहादा तपासली होती. पै न पै जुळली होती. तिच्या निम्म्या गोळ्या त्यात कुठेच नव्हत्या.

डिसेंबरच्या अखेरीस शाळेत रुजू झालो. बाळ दिवसा खालांकडे राहतं. त्या पैसे घेत नव्हत्या, आम्ही ते ठरवूनच दिले. वही अजून चालू आहे, आणि आता दर महिन्याची पहिली ओळ दोन्ही बाजूंना एकच असते. दुकानदार सध्या उर्दूची मुळाक्षरं शिकतोय. अलिफ आणि मीम येतात. 'अम्मी' हा शब्द त्याला वाचता येतो.