मैनेचे पुढचे पाय

आमच्याकडे घोडी आहे असं सांगितलं की इंदूरच्या मराठी मंडळींकडून दोनच प्रश्न येतात. एक, "होळकरांच्या पागेतले का तुम्ही?" आणि दुसरा, "लग्नाला देता का?" दोन्हींचं उत्तर नाही. आजोबा रामबागेत राहून दुकानांचे हिशेब लिहीत, मी आयुष्य बँकेत काढलं. घोड्याचा नाद घराण्यात एकट्या दादाला. निवृत्त झाल्यावर त्याने राऊच्या पुढे महूच्या बाजूला अर्धा एकर जागा घेतली. दोन आंबे, एक विहीर आणि ही काठियावाडी मैना. रंग कुमाईत, कानांची टोकं आत वळून एकमेकांना टेकलेली. आली तेव्हा पाच वर्षांची होती, आता चोवीस. दादा २०१९ मध्ये गेला. मैना राहिली, वहिनी राहिल्या, आणि धाकटा दीर म्हणून देखरेख माझ्याकडे आली.

देवासच्या एका स्नेह्यांकडेही म्हातारा घोडा आहे. तो पुढचे पाय आखडून चालतो म्हणून त्यांनी विचारलं. फोनवर सगळं सांगता येईना, म्हणून इथे लिहितो. मी डॉक्टर नाही. चार वर्षं रोज पाहिलं, विचारलं, वहीत उतरवलं, तेवढंच माझं भांडवल.

सुरुवात पायांपासून झालीच नाही. २०२१च्या वैशाखात, पारा चाळिशीच्या वर, आणि मैनेच्या अंगावर हिवाळ्याचे लांब केस तसेच. पाठीचं मांस उतरलेलं, पोट मात्र सुटलेलं. पाणी दुप्पट पिई. साईस म्हणाला, उमर हो गई है. महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर आले. केस बघूनच त्यांना शंका आली, रक्त तपासल्यावर पक्कं झालं. मेंदूच्या तळाशी पिट्युटरी नावाची ग्रंथी असते, तिच्या कामात म्हातारपणी बिघाड होतो. कुशिंग म्हणतात त्याला. शिवाय मैनेला जुना दमा आहेच, धूळ आणि बुरशी लागलेल्या वैरणीचा. डॉक्टर जाता जाता म्हणाले, "काका, आता हिचे पाय सांभाळा."

तेव्हा त्याचा अर्थ कळला नव्हता. भाद्रपदात कळला. सकाळी मैना पुढचे दोन्ही पाय लांब टाकून, वजन मागच्या पायांवर घेऊन उभी. वळवायला गेलं तर वळेना. फरशीवर पाऊल टाकताना तव्यावर टाकावं तसं टाकी, मऊ मातीत जरा बरं. खुराला हात लावला तर गरम. खुराच्या वर मागच्या बाजूला एरवी नाडी शोधावी लागते, ती बोटाखाली ठणठण उडत होती.

लॅमिनायटिस. आपलं नख जसं खालच्या मांसाला धरून असतं, तसं घोड्याच्या खुराचं कवच आतल्या हाडाला बारीक पापुद्र्यांनी धरून असतं. सगळं वजन त्या पकडीवर लटकलेलं, त्यातही निम्म्याहून जास्त पुढच्या पायांवर. कुशिंगच्या पुष्कळ घोड्यांच्या रक्तात इन्सुलिन वाढतं आणि त्याने ही पकड ढिली पडते. हाड आत फिरतं, तळव्याकडे झुकतं. भादव्यात त्या ग्रंथीचा जोर निसर्गतःच वाढतो आणि नेमका तेव्हाच शेतात हिरवा गोड चारा असतो. म्हणून अशा घोड्याला पावसाळ्याचा शेवट वाईट.

भेटायला येणारा प्रत्येकजण एकच सांगे, "चालवा जरा, पाय मोकळे होतील." माणसाच्या गुडघ्याला ते ठीक. इथे चालवणं म्हणजे ढिली झालेली पकड हाताने सोडवणं. डॉक्टरांनी पहिले काही दिवस खुरांना बर्फ लावायला आणि पूर्ण विश्रांती द्यायला सांगितलं. टीव्हीच्या खोक्यातलं जाड थर्माकोल खुराच्या मापाने कापून चिकटपट्टीने तळव्याला बांधलं. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, पन्नास हजारांच्या टीव्हीतली कामाची वस्तू हीच निघाली."

खरी अडचण पुढे. एका दुखण्याचा उपाय दुसऱ्याच्या मुळावर येतो. दम्यासाठी स्टिरॉइड पटकन काम करतं, पण अशा पायांना त्याचा धोका, म्हणून डॉक्टरांनी ते टाळलं. पायांना गादी हवी म्हणून पेंढा घालावा तर धुळीने दमा उसळतो. दुखणं थांबवायचं औषध रोज दिलं तर पोटात व्रण होतात, मूत्रपिंडावर ताण येतो. शिवाय दुखणं पुरतं दाबलं की ती बागडायला लागणार आणि आतली पकड आणखी सुटणार. म्हणजे थोडं दुखू देणंही औषधातच जमा. वहिनींना हे पटवणं सगळ्यात कठीण गेलं.

तबेल्यात मग नदीची रेती घातली, वीतभर जाड. ती खुराचा आकार घेते आणि तळव्याला खालून आधार देते. धूळ उडू नये म्हणून पाणी शिंपडतो. वैरण जमिनीवर टाकत नाही, नाहीतर रेती पोटात जाऊन पोटशूळ उठतो, म्हणून सिमेंटची गव्हाण केली. आणि वाळलं गवत तासभर पाण्यात भिजवून, ते पाणी फेकून द्यायचं. साखर बरीचशी पाण्यात उतरते आणि धूळही बसते. पायांना आणि दम्याला एकाच वेळी मानवलेला हा एकच उपाय मला सापडला, आणि तो फुकटचा. झिजलेल्या दातांनाही ओलं गवत सोपं जातं.

वैरण किती द्यायची ते वजनावर, आणि घरी काटा कुठला? पण हिशेब आहे. पुढच्या पायांमागून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजायचा, त्याचा वर्ग करायचा, त्याला खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंतच्या लांबीने गुणायचं आणि ११,८८० ने भागायचं. घेर १६०, लांबी १५०. उत्तर साधारण ३२३ किलो. रोज पाच ते सहा किलो वाळलं गवत, भिजवण्याआधी तोललेलं. दादाच्या वेळची चंदी, म्हणजे भिजवलेले चणे, चोकर आणि गूळ, बंद.

गूळ बंद केला, पण इंदूर शहर कसं बंद करणार? येणारा प्रत्येक माणूस हातात काहीतरी घेऊन येतो. रविवारी पोहे-जलेबीचा पुडा सोडला की एक जलेबी मैनेची, हा वीस वर्षांचा रिवाज. शेजारचे भैयाजी म्हणत, "बाबूजी, थोड़ा-सा मुँह मीठा करने से क्या होता है?" मी फाटकावर पाटी लावली, हिंदीत आणि मराठीत: घोडीला मधुमेहासारखा आजार आहे, गोड देऊ नये. शब्दशः बरोबर नाही, पण मधुमेह म्हटल्याबरोबर सगळ्यांना समजलं. घरोघरी आहेच.

कुशिंगची रोजची गोळी असते, जन्मभराची. ते औषध पूर्वी माणसांच्या कंपवातावर देत. मिळवायची यातायात हा वेगळा विषय. नालबंदही बदलावा लागला. आधीचा जड लोखंडी नाल ठोकून "पक्का काम" करायचा. आताचा एक्स-रे समोर ठेवून कानस चालवतो, दर पाच आठवड्यांनी. पुढचं टोक मागे आणायचं, टाच हळूहळू उतरवायची. घाई चालत नाही, कारण खूर महिन्याला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतो. वरच्या कडेपासून पुढच्या टोकापर्यंत नवा व्हायला वर्षाच्या आसपास जातं. खुरावर आडव्या वळ्या उमटतात, त्यात मागचं वर्ष वाचता येतं. भाद्रपदातली वळी मी पुढच्या पावसाळ्यापर्यंत खाली सरकताना पाहिली, पासबुकातली जुनी नोंद पानाच्या तळाला जावी तशी.

गेल्या वर्षीच्या जानेवारीतली एक रात्र सांगायलाच हवी. संध्याकाळपर्यंत बरी होती. रात्री साईसचा फोन, डावा पुढचा पाय टेकवतच नाही, थरथरतेय. पुण्याहून पुतण्या म्हणाला, "काका, पुरे आता. तिला सोडवा." तो निर्दय नाही. लहानपणी त्याच पाठीवर बसून शिकलाय. वहिनी शाल घेऊन तबेल्यात स्टुलावर बसल्या, एक शब्द बोलल्या नाहीत. पहाटे डॉक्टर आले, येताना शेवटचं इंजेक्शन पेटीत घालूनच. पण एकच पाय आणि इतकं अचानक, हे त्यांना खटकलं. चिमट्याने खुराचा तळ दाबत गेले आणि एका जागी मैना किंचाळली. तिथे कोरल्यावर काळा, घाण वासाचा पू बाहेर आला. खुरात गळू झालं होतं. कुशिंगच्या घोड्यांना ते वारंवार होतं, आणि आतून निचरा नसल्याने कळ असह्य असते. एप्सम मिठाच्या कोमट पाण्यात पाय, वर पट्टी. दुपारी चारला तिने पाय टेकवला. देवासकरांना म्हणूनच सांगितलं, दोन्ही पाय हळूहळू धरले तर एक गोष्ट, एकच पाय रातोरात गेला तर दुसरी. निर्णय घ्यायच्या आधी तळवा तपासून घ्या.

त्या दिवसानंतर मी डॉक्टरांकडून लेखी घेतलं की सोडवायची वेळ कशी ओळखायची. मनावर ठेवलं तर वहिनी कधीच हो म्हणणार नाहीत आणि पुतण्या रोज म्हणेल. आता बँकेच्या जुन्या डायरीत रोजचे रकाने आहेत: खुराची उष्णता, नाडी, वळताना अडखळली का, आडवी किती वेळ, वैरण किती उरली. महिन्यात वाईट दिवस चांगल्यांपेक्षा जास्त झाले, किंवा औषध देऊनही ती उठून गव्हाणीपर्यंत गेली नाही, तर दोन दिवस बघायचं आणि डॉक्टरांना बोलवायचं. पानाखाली वहिनींची सही आहे. वाचून, चष्मा पुसून, तारीख घालून केलेली.

दसऱ्याला दादा तिची पूजा करून पुरणपोळी भरवी. आता वहिनी ओवाळतात आणि काकडीच्या चकत्या देतात. मैना त्या खाते, मग पदराला नाक लावून पोळी शोधते. यंदा भाद्रपदात पंधरा दिवस वाईट गेले, नंतर सावरली. रकान्यांत या महिन्यात सहा वाईट, बाकी बरे. सोमवारी नालबंद यायचाय, त्याच्या आधी नवी रेती टाकून घ्यायची आहे.