तोटीचे तोंड

तीन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात आमचा भाचा मिनिआपोलिसहून आला. बॅगेतून नेहमीची चॉकलेटे निघाली आणि त्यांच्या खालून वर्तमानपत्रात गुंडाळलेले एक जड, लांबट पुडके निघाले. उघडून पाहतो तो आत पितळेचा नळ! नळ म्हणावा तर त्याला हातभर शेपूट. "मामी, तुम्ही फोनवर दरवेळी सांगता ना, बागेतला नळ पुन्हा फुटला म्हणून? हा घ्या. आमच्याकडे उणे पंचवीसमध्येसुद्धा फुटत नाही," तो म्हणाला. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. वाशीममध्ये उणे पंचवीस! महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी एखाद्या पहाटे दव गोठते, निफाडचा पारा घसरल्याची बातमी दरवर्षी येते. पण आमच्या गावात नळ गोठून फुटला असे आम्ही कधी ऐकलेले नाही. तरी भेट प्रेमाची होती आणि तक्रार आमचीच होती, म्हणून आम्ही तो नळ हातात घेऊन नीट पाहू लागलो. मराठीच्या अध्यापकांना यंत्रातले कितीसे कळणार? पण एखादी कविता उलगडावी तसा तो भाच्याने आम्हाला उलगडून दाखवला.

आपल्या साध्या तोटीत पाणी अडवणारा वायसर तोंडाशीच असतो. चावी फिरवली की तो आपल्या बैठकीवर दाबून बसतो आणि पाणी थांबते. म्हणजे पाणी अगदी दाराशी येऊन उभे असते. थंड देशात हेच घातक ठरते. गोठताना पाणी सुमारे नऊ टक्के फुगते. बर्फ आणि बंद तोटी यांच्यामध्ये कोंडलेल्या पाण्याचा दाब वाढतो आणि धातू चिरतो. त्या नळात चावी भिंतीबाहेर असली तरी तिचा दांडा फूटभर आत जातो, आणि वायसर बसतो तो घराच्या उबेत. नळ बंद केला की मधल्या नळीत उरलेले पाणी आपोआप बाहेर गळून जावे, म्हणून ती नळी बाहेरच्या बाजूला किंचित उतरती बसवतात. रबरी नळी तोंडाला तशीच अडकवून ठेवली, तर पाणी गळत नाही आणि एवढी युक्ती करूनही नळ फुटतो. फुटल्याचे कळते ते थेट वसंतात, पुन्हा चावी उघडल्यावर. थोडक्यात, हात बाहेर आणि निर्णय आत. हे वाक्य तेव्हा आम्ही गमतीने म्हटले होते.

आता आमच्या नळाविषयी. वाशीम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी असलेले प्राचीन वत्सगुल्म. परंपरा इथे एकशे आठ तीर्थे सांगते, आणि पद्मतीर्थ तर आजही गावात आहे. त्या एकशे आठांच्या गावी आम्हाला एक तोटी धड टिकवता येत नव्हती. गावाबाहेर घर बांधले तेव्हा खर्च आटोक्यात ठेवावा म्हणून पीव्हीसीचा पाइप भिंतीवरून उघडाच नेला. तीन उन्हाळे त्याने सोसले. चौथ्या मे महिन्यात बादलीचा कान लागला आणि पापड मोडावा तसा तो मोडला. उन्हातल्या अतिनील किरणांनी हे प्लास्टिक हळूहळू ठिसूळ होते, हे आम्हाला तेव्हा कळले. मग प्लास्टिकची तोटी गेली. तिच्या जागी पितळेची लावली, ती एका रात्री कोणी तरी पान्ह्याने उतरवून नेली. शेवटी पाइप जमिनीत पुरला आणि आता ऊन नाही, चोर नाही, म्हणून निश्चिंत झालो. पुढच्याच उन्हाळ्यात अंगणात भर दुपारी एक ओला डाग दिसू लागला. खणून पाहिले तर एल्बोपाशी सांधा निखळलेला.

मिस्त्री आला. त्याने पाइपकडे फारसे पाहिलेच नाही. अंगणातल्या भेगेत दोन बोटे घातली आणि म्हणाला, "सर, पाइप नाई तुटत. जमीन तोडते त्याले."

बेसाल्टच्या झिजेतून झालेल्या या काळ्या मातीवर आमच्या भागातला कापूस, तूर आणि सोयाबीन उभे आहे. तिच्यातली चिकणमाती पाणी प्याली की फुगते, वाळली की आकसते. मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, श्रावणात त्याच भेगा ओठ मिटल्यासारख्या मिटतात. घराच्या भिंतींना तिरक्या चिरा पडतात, कुंपणाचे खांब कलतात, आणि जमिनीत पुरलेला पाइप वर्षातून एकदा वर ढकलला जातो, एकदा खाली ओढला जातो. भाचा हे ऐकून चकित झाला. त्याच्याकडे हिवाळ्यात जमिनीतले पाणी गोठून माती वर उचलली जाते; म्हणून घराचा पाया कमीत कमी ४२ इंच खोल न्यावा असा नियमच आहे. तिथे हे काम थंडी करते, इथे पाऊस आणि ऊन मिळून करतात. आम्ही उगीच हसलो होतो. हिमाला तोंड देणारा नळ आमच्या उपयोगाचा नसेल. पण जमीन हलते हे धरून चालणे दोन्हीकडे सारखेच गरजेचे होते.

मिस्त्रीने मग जे केले ते इथे सविस्तर लिहितो, कारण काळ्या मातीत घर असलेल्या कोणाला तरी त्याचा उपयोग होईल. त्याने दोन फूट खोल चर खणला आणि त्यातली काळी माती बाजूला टाकली. ती परत वापरायची नाही, असे बजावले. तळाशी मुरूम ठोकून बसवला आणि त्यावर वाळूचा थर दिला. पाइप घेतला तो काळा, लवचिक, एचडीपीईचा. त्यातल्या काजळीमुळे तो उन्हातही टिकतो आणि मातीबरोबर थोडा वाकतो, पण मोडत नाही. हा पाइप त्याने ताणून सरळ टाकला नाही, मुद्दाम नागमोडी टाकला. "ढील पायजे, मॅडम. माणसाले पायजे तशी पाइपाले बी." वरून पुन्हा वाळू आणि मुरूम. जिथे तोटी यायची तिथे काळी माती संपून मुरूम लागेपर्यंत खड्डा घेऊन विटांचा छोटा खांब बांधला. त्याच्या पोटातून अर्ध्या इंचाचा जीआय पाइप वर काढला. तोटीखाली फरशी, फरशीला उतार आणि उताराच्या टोकाला अळूचा वाफा. सांडलेले पाणी पायाशी मुरू द्यायचे नाही, नाहीतर तिथलीच माती फुगून खांब कलेल.

एक गोष्ट भाच्याने सुचवली. त्याच्या नळाच्या माथ्यावर एक छोटी झडप होती. बाहेरचे पाणी उलटे आत शिरू नये म्हणून ती बसवलेली असते. आमच्याकडे नगराचे पाणी रोज येत नाही. पुरवठा थांबला की रिकामा होणारा पाइप हवा ओढतो, आणि तोटीला लावलेल्या रबरी नळीचे टोक हौदात बुडालेले असेल तर हौदातले शेवाळलेले पाणीही ओढतो. म्हणून एक नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह घातला आणि नळीचे टोक पाण्यात बुडवायचे नाही, असा घरात नियम केला.

राहता राहिला तो अमेरिकन नळ. कौतुकाने आणलेला, म्हणून तोच लावून पाहू असे आम्ही म्हटले. मिस्त्रीने त्याचे आटे आमच्या कपलिंगला लावले. दोन-तीन फेरे ते सुरेख बसले आणि मग अडले. जोर केला तर बसत होते, पण पाणी सोडताच पाझर. नंतर कळले की दोन्ही देशांत या मापाच्या पाइपाला इंचामागे चौदाच आटे असतात. पण तिकडच्या आट्याचा कोन साठ अंशांचा, आपल्याकडचा पंचावन्नाचा. एवढ्याशा फरकाने जोड गळतो. भाषांतराच्या तासाला आम्ही इतकी वर्षे जे सांगण्याचा प्रयत्न करतो, ते त्या कपलिंगने एका थेंबात सांगितले. अजिबात न जुळणारे शब्द अनुवादकाला फसवत नाहीत, ते लगेच कळतात. फसवतात ते जवळपास जुळणारे. पहिले दोन फेरे ते बिनबोभाट बसतात. तो नळ आता आमच्या पुस्तकांच्या कपाटात शब्दकोशांशेजारी असतो. खांबावर आमच्या बाजारातली पितळेची तोटी बसली.

पण ती बसण्याआधी मिस्त्रीने जो प्रश्न विचारला, त्यासाठी हा लेख लिहायला घेतला.

खांब कुंपणाच्या भिंतीला लागून होता. मिस्त्री पान्हा हातात घेऊन म्हणाला, "तोटीचं तोंड कोणीकडे ठेवाचं? अंदर का रस्त्याकडे?"

आमच्या रस्त्याने महाविद्यालयातली खेड्यांवरची मुले एस.टी.तून उतरून चालत जातात. बांधकामावरच्या बाया जातात, मेंढरे घेऊन धनगर जातात. उन्हाळ्यात कोणी ना कोणी फाटकाशी थांबून पाणी मागतेच. आम्ही तर जोतीरावांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केल्याचे दरवर्षी वर्गात सांगणारे. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर काय घडले, ते दलित साहित्य शिकवताना पहिल्याच तासाला सांगणारे. प्रेमानंद गज्वी यांची 'घोटभर पाणी' ही एकांकिका आमच्या विद्यार्थ्यांनी आमच्याच दिग्दर्शनाखाली स्नेहसंमेलनात केलेली. आम्ही तत्काळ म्हणायला हवे होते, रस्त्याकडे. आम्ही म्हटले, "उद्या सांगतो."

त्या रात्री आमच्यापैकी एकाने एक आठवण सांगितली. लग्नाला वीस वर्षे झाली, तरी ती कधी सांगितलेली नव्हती. आजोळच्या वाड्यात ओसरीवर एक तांब्या वेगळा ठेवलेला असे. उन्हाळ्यात लाकडे फोडायला येणारा म्हातारा पाणी मागे, तेव्हा आजी नातवाला पाठवी. नातू ओसरीच्या कडेवर उभा राहून वरून धार धरी आणि खाली म्हातारा ओंजळ करून पिई. धार तुटू न देता ओतायची, हा त्या आठ वर्षांच्या मुलाला खेळ वाटे. एकदा त्याने मुद्दाम धार हलवली आणि म्हाताऱ्याची ओंजळ तिच्यामागे हलली. मुलगा हसला. म्हातारा हसला की नाही, ते आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही तोडगा काढला. जोडाला एक टी बसवायचा, एक तोटी आत बागेसाठी, एक बाहेर रस्त्यासाठी. आणि बाहेरच्या फाट्याला आतल्या बाजूने एक व्हॉल्व्ह. कोणी उघडी टाकून गेले तर? टाकी रिकामी झाली तर? शेजारच्यांनीही हेच सुचवले होते. आम्हाला तो समंजसपणा वाटला. दोन्ही तोट्या सुरू झाल्या. येणारे-जाणारे पाणी पिऊ लागले, मुले बाटल्या भरू लागली. आम्हाला फार बरे वाटले. खरे सांगायचे तर जरा जास्तच बरे वाटले.

मे आला. नगराच्या पाण्याच्या पाळ्या लांबल्या. आम्ही बाहेरचा व्हॉल्व्ह बंद केला. आतली तोटी सुरूच होती, कारण मोगरा ऐन बहरात होता. एका दुपारी साडेबाराच्या सुमारास मोगऱ्याच्या आळ्यात नळी सोडलेली असताना बाहेर चावी फिरल्याचा आवाज आला. एकदा, दोनदा. पाहिले तर आमचीच बी.ए.ची विद्यार्थिनी, परीक्षा देऊन निघालेली. तिने तोटीकडे पाहिले, मग जाळीतून आत, वाहत्या नळीकडे. आमच्याकडे लक्ष जाताच तिने ओशाळून हात मागे घेतला. "नमस्कार मॅडम, पेपर चांगला गेला," म्हणाली आणि आम्ही हाक मारेपर्यंत वळणाशी पोहोचलीही.

हात बाहेर आणि निर्णय आत. आम्ही हिमाच्या देशातला नळ कपाटात ठेवला होता. पण त्याची रचना नकळत भिंतीत बसवली होती. थंडीने फुटू नये म्हणून तिथे वायसर घरात ठेवतात. आमच्याकडे फुटण्यासारखे काय होते? ओसरीची कड गेली, तांब्या गेला, धार मात्र अजून आमच्याच हाती होती.

दुसऱ्या आठवड्यात मिस्त्रीला पुन्हा बोलावले. तो व्हॉल्व्ह काढून टीच्या अलीकडे, मूळ पाइपावर बसवायला सांगितला. म्हणजे वाहतील तर दोन्ही तोट्या वाहतील, बंद राहतील तर दोन्ही. त्याने डोके खाजवले. "असं कोणी करत नाई, सर. बागेचं नुकसान हाये यात." आम्ही म्हटले, "असू द्या." त्याने दोन तासांची मजुरी घेतली, निघताना बाहेरच्या तोटीवर हातपाय धुतले आणि घोटभर पाणी पिऊन गेला.

यातून आम्ही फार मोठे काही केले, असा आमचा समज नाही. व्हॉल्व्ह अजूनही भिंतीच्या आतच आहे आणि त्याची चावी आमच्याच हाती आहे. त्यानंतरच्या मे महिन्यांत काही दिवस दोन्ही तोट्या बंद ठेवाव्या लागल्या, तेव्हा फाटकाबाहेर माठ ठेवला. त्याला खाली छोटी तोटी बसवून घेतली, म्हणजे कोणाला ओंजळ धरावी लागू नये. मोगऱ्याची दोन झाडे गेली. अळू तगला. जमीन दरवर्षीप्रमाणे फाटली आणि मिटली. पण सांधा निखळला नाही, खांब कलला नाही. बाहेरच्या तोटीचा वायसर तेवढा दोनदा बदलावा लागला, कारण ती आतल्या तोटीपेक्षा अधिक वेळा उघडली जाते.