आजीचा अडकित्ता

आमच्या आजीजवळ मोराच्या घाटाचा एक पितळी अडकित्ता होता. सुपारी कातरल्याचा आवाज कानी आला, की आता गोष्ट सुरू होणार हे आम्ही मुले ओळखत असू. आजी निवर्तली आणि घर आवरताना मी तो अडकित्ता मोडीत घातला!

पुढे १९९८ साली विद्यार्थ्यांसह पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात गेलो. दिनकर केळकर (१८९६–१९९०) यांनी गावोगाव हिंडून दिवे, फण्या, दौती, अडकित्ते अशा हजारो वस्तू जमविल्या आणि अकाली गेलेल्या आपल्या राजा नावाच्या मुलाचे नाव त्या संग्रहास दिले. जागेअभावी त्यांतील थोड्याच वस्तू तेथे मांडलेल्या होत्या. एका कपाटात तसाच मोर दिसला आणि माझी मान खाली गेली.

शहराला रस्ते हवेत, पाणी हवे. मग अशा वस्तूंसाठी नवे संग्रहालय कशाला, असे काहीजण विचारतात. प्रश्न रास्त आहे. परंतु रस्ता उद्याही बांधता येईल. मोडीत गेलेली वस्तू परत येत नाही. राजेरजवाड्यांच्या तलवारी जपणारे पुष्कळ आहेत. सामान्यांच्या संसाराची आठवण कोणी जपावी? ते काम शहरानेच करावयास हवे.

मुलांनो, तोवर आपल्या घरातील फडताळ एकदा आजीसमवेत उघडून पाहा.