झाशीला जाण्याआधी कोणती मालिका पाहाल?

झाशीचं तिकीट काढलं की घरातली मुलं हमखास विचारतात, "टीव्हीवरच्या राणीची झाशी ना?" प्रश्न बरोबर आहे. आपल्यापैकी बहुतेकांनी झाशी आधी पडद्यावर पाहिली आणि मग नकाशात शोधली. मुंबईहून पंजाब मेल किंवा पुण्याहून झेलम एक्स्प्रेस धरली, तर आता गाडी 'वीरांगना लक्ष्मीबाई झाशी' नावाच्या स्टेशनावर थांबते. गाडीत वेळ भरपूर असतो. मग मोबाइलवर काय पाहावं?

त्यासाठी ही आवडीची क्रमवारी. कसोटी एकच आहे. मालिका पाहून झाशीत उतरल्यावर तिथलं काही जास्त दिसतं का, जास्त कळतं का? कपडे, दागिने आणि तलवारबाजी यांना इथे गुण नाहीत.

क्रमांक ४ : खूब लडी मर्दानी... झाँसी की रानी

२०१९ मध्ये कलर्स वाहिनीवर आलेली ही मालिका. अनुष्का सेन राणीच्या भूमिकेत होती. फेब्रुवारीत सुरू झाली आणि जुलैत संपली. मुलांना ती आवडते, कारण प्रसंग पटापट घडतात.

पण किल्ल्यावर गेल्यावर हा वेगच आड येतो. १६१३ मध्ये ओरछाच्या वीरसिंह देवांनी बांधलेला आणि पुढे मराठ्यांचे सुभेदार नारोशंकर यांनी वाढवलेला हा किल्ला सावकाश पाहायचा आहे. राणीनं घोड्यासह उडी घेतली असं सांगतात, ती जागा तटावर दाखवतात. तिथून खाली वाकून पाहा. पोटात गोळा येतो. उडीची कथा खरी की नाही यावर घरात वाद होऊ द्या. पण एप्रिल १८५८ च्या त्या रात्री लहानग्या दामोदररावाला घेऊन, इंग्रजांचा वेढा चुकवून राणी निसटली, एवढं तर खरंच आहे. त्या रात्रीची भीती तुम्हाला मालिकेपेक्षा त्या तटावर जास्त जाणवेल.

क्रमांक ३ : १८५७ क्रांती

संजय खान यांची दूरदर्शनवरची मालिका. बरखा मदान राणी झाली होती. आजच्या मुलांना ती संथ वाटेल. तरी ती वर आहे, कारण तिच्यात झाशी एकटी नाही. दिल्ली, कानपूर अशी सगळी साखळी त्यात दिसते.

ही मालिका आठवायची जागाही किल्ल्यातच आहे. 'कडक बिजली' ही तोफ सगळेच पाहतात, तिच्यासोबत फोटोही काढतात. पण आत गुलाम गौस खान, खुदाबक्ष आणि मोतीबाई यांच्या समाध्या आहेत, तिथे गर्दी कमी असते. थोडं थांबा. राणी लढली ती या माणसांच्या जोरावर. मुलांना ही नावं मोठ्यानं वाचायला सांगा.

क्रमांक २ : हप्पू की उलटन पलटन

दचकू नका! अँड टीव्हीवर २०१९ मध्ये सुरू झालेल्या या विनोदी मालिकेत ना राणी आहे ना किल्ला. गोष्टही कानपूरची आहे. मग ती इथे कशी? नऊ मुलांचा बाप असलेला हा दरोगा बोलतो त्या ढंगासाठी. योगेश त्रिपाठी यांच्या तोंडची ती बोली बुंदेलखंडी वळणाची आहे, आणि झाशी हे बुंदेलखंडाचं मोठं शहर.

किल्ल्यावरून खाली माणिक चौकाच्या बाजारात उतरा आणि कान उघडे ठेवा. होकार देताना कुणी 'हओ' म्हणेल, तर आपल्या 'हो'ची आठवण येईल. कुणी 'काए' म्हणत हाक मारेल, तर मराठी माणूस वळून पाहील. झाशी म्हणजे फक्त १८५८ नाही. इथे लोक राहतात, भाव करतात, भांडतात, हसतात. राणीच्या कुठल्याही मालिकेत हे शहर भेटत नाही. हप्पूसिंगमुळे निदान त्याचा सूर ओळखीचा होतो.

क्रमांक १ : एक वीर स्त्री की कहानी... झाँसी की रानी

झी टीव्हीवर २००९ ते २०११ या काळात चाललेली ही मालिका. आधी उल्का गुप्ता, मग कृतिका सेंगर राणी झाली. गंगाधररावांची भूमिका आपल्या समीर धर्माधिकारींनी केली होती. लहानगी मनू वेश बदलून 'क्रांतिगुरू' होते वगैरे भाग कल्पनेतला आहे, हे मुलांना आधीच सांगून ठेवा.

तरीही पहिला नंबर तिचाच. तिनं राणीला घर दिलं. मनूचं बालपण, लग्न, सासर यांसाठी तिच्याकडे वेळ होता. या मालिकेनंतर राणी महाल पाहायला जा. गंगाधरराव १८५३ मध्ये गेले, दत्तक नामंजूर झालं, १८५४ मध्ये संस्थान खालसा झालं आणि राणी किल्ला सोडून शहरातल्या या महालात राहायला आली. वर्षाला साठ हजार रुपये पेन्शन ठरली. रंगवलेल्या छताच्या त्या दालनात उभं राहून विचार करा, तेव्हा ती पंचविशीच्या आसपास होती. इथे तिनं तलवार उपसली नाही, अर्ज केले. जॉन लँग या वकिलाला बोलावलं आणि पडद्याआडून आपली बाजू मांडली. झाशी देणार नाही, हे तिचं म्हणणं त्यानंच पुढे आपल्या पुस्तकात लिहून ठेवलं. लढाईआधीची ही तीन वर्षं मुलांना नक्की सांगा. आधी कागदावरही लढावं लागतं, हे त्यांना कळू द्या.

जवळच्या गणेश मंदिरात गंगाधरराव आणि मनूचं लग्न लागलं असं सांगतात. तिथेही डोकावून या. गंगाधररावांना नाटकांचा भारी शौक होता. आज असते तर त्यांनीही अशी क्रमवारी लावली असती!

आणि यादीबाहेरचं एक

पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणेच्या आशेनं उत्तरेत गेले आणि वेढ्याच्या वेळी झाशीतच अडकले. त्यांचं 'माझा प्रवास' १९०७ मध्ये छापलं गेलं. मालिका बहुधा राणी झाशीबाहेर पडली की तिच्यामागे जातात. विष्णुभट मागे राहिलेलं शहर दाखवतात. ती कत्तल, ती लूट, जळणारी घरं आणि नाश पावलेला ग्रंथसंग्रह. हे सगळं आपल्या मराठीत, डोळ्यांनी पाहिलेल्या माणसानं लिहिलेलं आहे.

म्हणून जाताना मालिका पाहा, येताना हे पुस्तक वाचा. लहान मुलं बरोबर असतील तर निवडक पानं तुम्हीच वाचून दाखवा. आणि घरी पोचल्यावर प्रत्येकाला आपापली क्रमवारी लावायला सांगा. ती या यादीसारखी निघाली नाही, तर समजा की तुमची झाशी नीट पाहून झाली.