आजीचा उपवास आणि मकचिकचा पूआसा



भारतातून आई-बाबांची तिकिटं झाली की आपल्या सगळ्यांच्या घरी एकच प्रश्न येतो. बाहेर गेल्यावर त्यांना खायला काय द्यायचं? गेल्या वर्षी फेब्रुवारीत माझ्या सासूबाई तीन महिन्यांसाठी सिंगापूरला आल्या. शुद्ध शाकाहारी, संकष्टी-एकादशी कडक, चातुर्मासात कांदा-लसूण बंद. आणि मुक्काम अशा गावात, जिथे पालेभाजीतही कोळंबी निघते!

खरंच निघते. पहिल्याच आठवड्यात एका हॉकर सेंटरमध्ये (म्हणजे शंभरेक टपऱ्या एका छपराखाली) आम्ही कांगकोंग नावाची पालेभाजी मागवली. "नो मीट?" "नो मीट, नो मीट!" ताट आलं आणि लेकीने वास घेऊनच ते बाजूला सारलं. भाजी बेलाचानमध्ये, म्हणजे सुक्या कोळंबीच्या चटणीत परतलेली. काका खोटं बोलत नव्हते हं. त्यांच्या वहीत मीट एका खात्यात, कोळंबी दुसऱ्या. मी सीए आहे, पण असलं लेजर मी तरी कुठे पाहिलेलं नाही.

झालं. पुढचे दोन आठवडे आई दशम्या आणि थर्मास घेतल्याशिवाय घराबाहेर पडल्या नाहीत.

कोंडी फोडली ती चहाने. इथे नुसतं 'तेह' म्हटलं की कंडेन्स्ड मिल्कचा गोडमिट्ट चहा येतो, आणि आईंना मधुमेह. लेकीने शिकवलं, "आजी, तेह-सी कोसोंग म्हण." सी म्हणजे बिनसाखरेचं आटवलेलं दूध, कोसोंग म्हणजे रिकामं, शून्य. (आमच्या भाषेत निल रिटर्न.) चौथ्या दिवशी आई स्वतः काउंटरपाशी उभ्या राहून "कोसोंग, कोसोंग" असं दोनदा बजावत होत्या. आल्याच्या चहाला इथे 'तेह हालिया' म्हणतात हे कळल्यावर तर, "हे काय, आलंच की!"

मी मार्चअखेरच्या हिशेबांत बुडालेली, त्यामुळे शाळा सुटली की नात आणि आजी दोघीच भटकायच्या. इथे मला जरा धाकधूक होती. लेक अकरा वर्षांची, मराठी समजते सगळं, उत्तर मात्र इंग्रजीतून. इथल्या शाळांत मातृभाषा या विषयाखाली तमिळ, हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी, उर्दू आहे. मराठी नाही. आम्ही मँडरिन घेतलं. आणि आईंचं इंग्रजी 'थँक्यू'पाशी संपतं. पहिल्या महिन्यात दोघी एका सोफ्यावर बसून आपापल्या फोनमध्ये बघायच्या. ते बघून माझ्या पोटात तुटायचं.

आमच्या ब्लॉकखाली चिनी शाकाहारी स्टॉल आहे. बौद्ध पद्धतीचं जेवण, त्यामुळे मांस तर नाहीच, कांदा-लसूणही नाही. "म्हणजे यांचा बारा महिने चातुर्मास!" आईंना एकदम आदर वाटला. सोयाबीन आणि ग्लूटेनचं केलेलं 'मटण' बघून तो थोडा कमी झाला. "खोटं मटण खाल्लं तर पाप किती टक्के लागतं गं?" त्यांनी मला विचारलं, जणू जीएसटीच आहे.

एका संध्याकाळी तिथे ही भलीमोठी रांग. लेकीने मँडरिनमध्ये चौकशी केली. चिनी महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी बरेच लोक शाकाहार पाळतात, आज पंधरावा. आई शांतपणे म्हणाल्या, "मग, आज पौर्णिमा नाही का? सकाळीच कालनिर्णयात बघितलं मी." स्टॉलवालीने हे भाषांतर ऐकलं आणि आईंच्या ताटात टोफूचा एक तुकडा जास्त टाकला. त्या दिवसापासून लेकीला दुभाष्याची नोकरी लागली. पगार नाही, पण रुबाब फार. आणि दुभाष्याला मराठी बोलावं लागतं, त्याला इलाज नाही.

तेवढ्यात रमजान सुरू झाला. शेजारच्या मलय मकचिक (मावशी म्हणा) डबा घेऊन आल्या. आत ओंदे-ओंदे. तांदळाच्या पिठीचे चिमुकले गोळे, वर खोबरं, आत पातळ गुला मेलाका, माडाचा गूळ. अंडं नाही, काही नाही, याची चौकशी दुभाष्याने आधीच केली. आईंनी एक उचलला. "सुपारीएवढा मोदक आहे हा."

पण त्या दिवशी एकादशी. तांदूळ चालत नाही. लेक दारात उभी राहून समजावू लागली तशी मकचिकच म्हणाल्या, "ओ, पूआसा!" मलयमध्ये उपवासाला पूआसा म्हणतात, आणि हा शब्द मूळचा संस्कृत उपवासच. आई खूश. लगेच आतून साबुदाण्याचे वडे आले, संध्याकाळी रोजा सोडताना खा म्हणून.

मकचिकनी नीट विचारून घेतलं. साबुदाणा चालतो? चालतो. बटाटा? चालतो. दाणे, दूध, चहा, पाणी? सगळं चालतं. त्या जरा थांबल्या. "मग हा पूआसा कसला?"

लेकीने एकही शब्द न गाळता हे आजीला मराठीत सांगितलं. आई क्षणभर गप्प. मग म्हणाल्या, "तिला सांग, आमच्यात निर्जळा एकादशीपण असते. पाण्याचा थेंब नाही. ज्येष्ठात येते."

"वन मिनिट," लेक मकचिकना म्हणाली आणि आत धावली. "आई, ज्येष्ठ म्हणजे कधी? आणि कालनिर्णय कुठंय?"